तीमथ्याला लिहिलेली पत्रे: सल्ला तरुणाला, की कानउघाडणी वडीलधाऱ्यांची?

शिंपला

तरुण संघाचा मेळावा असला की फलकावर एक वचन हमखास दिसते: कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये. पहिले तीमथ्य, अध्याय ४, वचन १२. वक्ते ते घेऊन तरुणांना सांगतात, वागणूक नीट ठेवा, कित्ता व्हा. वचनाचा उत्तरार्ध तेच सांगतो, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. पण पूर्वार्धाचे काय? तुच्छ मानणे न मानणे तीमथ्याच्या हातात नव्हतेच. ते त्याच्याभोवती बसलेल्यांच्या हातात होते. माझे म्हणणे असे आहे की हे पत्र तीमथ्याच्या नावाने लिहिले असले, तरी ते मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायातल्या, वडिलांच्या (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या) कानांवर पडावे म्हणूनच लिहिले आहे. तसे वाचले तर त्यातल्या कितीतरी अवघड जागा उलगडतात.

ज्यांनी ही पत्रे वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. बायबलच्या नव्या करारात पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाच्या नावावर तेरा पत्रे आहेत. बहुतेक गावोगावच्या मंडळ्यांना लिहिलेली आहेत. फिलेमोनाला लिहिलेली छोटी चिठ्ठी सोडली तर व्यक्तींना लिहिलेली तीनच: दोन तीमथ्याला, एक तीताला. तीमथ्य इफिस शहरात, तीत क्रेत बेटावर. दोघेही पौलाच्या हाताखाली तयार झालेले, आणि दोघांवरही विस्कटलेल्या मंडळीची घडी बसवायचे काम. अठराव्या शतकापासून या तिन्ही पत्रांना मिळून पाळकीय पत्रे म्हणायची पद्धत पडली.

तीमथ्य आजच्या तुर्कस्तानातल्या लुस्त्र गावचा. आई यहुदी, वडील ग्रीक. आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे दुसऱ्या पत्रात मायेने घेतली आहेत. इ.स. ५०च्या सुमारास पौलाने त्याला सोबत घेतले. पत्रे पौलाच्या अखेरच्या काळातली धरली तर इफिसात असताना तीमथ्य तिशीत असणार. तो काही पोर नव्हता. त्या काळी चाळिशीपर्यंत माणसाला तरुण म्हणत, दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस याने तसे लिहूनच ठेवले आहे.

आता इफिसाची मंडळी डोळ्यांसमोर आणा. पौल तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिला होता. तिथल्या वडिलांना त्याने मिलेताच्या बंदरावर बोलावून निरोप दिला, तेव्हा ते त्याच्या गळ्यात पडून रडले. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात हे सगळे आहे. म्हणजे ही माणसे खुद्द पौलाच्या मांडीला मांडी लावून बसलेली. त्यांच्यावर देखरेखीला कोण आला, तर पौलाची पिशवी उचलणारा काल-परवाचा पोरगा. त्यांच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको.

अशा बैठकीत हे पत्र मोठ्याने वाचले जाते. तेव्हा वाचता येणारे थोडे, म्हणून पत्रे वाचूनच दाखवत. थेस्सलनीकाकरांना पौल बजावतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो, तुमचे पत्र लावदिकीयाला वाचू द्या. वाचणारा पाचव्या अध्यायाला येतो: वडील माणसाला टाकून बोलू नकोस, बापासारखे समजाव. ज्येष्ठांच्या माना समाधानाने हलतात. तसाच तो पुढे जातो: जे वडील चांगला कारभार करतात त्यांना दुप्पट मान द्यावा. पुन्हा समाधान. मग येते: वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नकोस. इथवर सगळे ठीक. आणि लगेच पुढचे वाक्य: जे पाप करतात त्यांचा सर्वांसमोर निषेध कर, म्हणजे इतरांनाही भय वाटेल. आता त्या खोलीत काय झाले असेल?

सगळ्यात शेवटी 'कृपा तुम्हांबरोबर असो'. पत्रभर 'तू' आणि निरोपाला 'तुम्ही'. तिन्ही पत्रांच्या अखेरीस हे आहे. तीताच्या पत्रात तर 'तुम्हां सर्वांबरोबर' असे स्पष्टच आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक होते की खोलीत एकटा तीमथ्य नाही.

तुमचे काय मत? विरोधी मत असेल तर जरूर मांडा.

नगरकर_वाचक

उत्तम धागा. आमच्याकडे पाळकसाहेब नवे आले की स्वागताच्या उपासनेत हाच अध्याय वाचतात, पण तो मंडळीला ऐकवण्यासाठी आहे असे कुणी म्हटलेले ऐकले नव्हते.

तुमच्या मताला एक बाहेरचा आधार देतो. इजिप्तमध्ये तेब्तुनिस इथे पपायरसचा एक लेख मिळाला, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. वरच्या अधिकाऱ्याने हाताखालच्या, जिल्ह्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलेल्या सूचना आहेत. कालवे तपास, पेरणी झाली का बघ, विणकरांचे माग चालू आहेत का बघ, लोकांना धीर दे, असे करत करत शेवटी त्याच्या स्वतःच्या वर्तनावर येतो: सरळ वाग, वाईट संगत धरू नकोस. कारभाराच्या सूचना आणि वैयक्तिक आचरणाचा उपदेश एकाच कागदावर. पहिले तीमथ्य याच जातीचे पत्र आहे असे ल्यूक टिमथी जॉन्सन यांच्यासारखे अभ्यासक मानतात. अशा सूचना लोकांना माहीत असल्या की दोन्हीकडून फायदा होतो. नेमलेल्या माणसाचा अधिकार कळतो, आणि तो चुकला तर बोट कुठे ठेवायचे हेही कळते.

पाटी_पेन्सिल

नगरकर, तुमचा हा शेवटचा मुद्दा मला फार पटला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तरुण मुख्याध्यापक रुजू होतो आणि वरून आलेले पत्र शिक्षकांच्या सभेत वाचून दाखवतो, तेव्हा ते पत्र त्याच्या एकट्यासाठी नसतेच. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्यांनी ऐकावे म्हणून असते. आणि त्यात त्याच्यावरही बंधने असतात, ती सगळ्यांनी ऐकलेली असतात.

मला एक शंका आहे. ५:२३ मध्ये, यापुढे नुसते पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे, असे आहे. हे तर अगदी घरगुती, आईने सांगावे तसे. चारचौघांत वाचायचे असते तर हे लिहिले असते का?

शिंपला

पाटी_पेन्सिल, मला तर ते चारचौघांत वाचण्यासाठीच लिहिलेले वाटते. चौथ्या अध्यायाची सुरुवात बघा. मंडळीत काही लोक लग्न नको आणि अमुक पदार्थ वर्ज्य करा असे शिकवत होते. अशा वातावरणात पुढारी पोटदुखीवर घोटभर द्राक्षारस घेऊ लागला तर कुजबुज होणारच. तिसऱ्या अध्यायात तर अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, मद्यपी नसावा अशी अट आहे. मग गुरूनेच सर्वांदेखत सांगून टाकले की हे औषध आहे, मी सांगितले आहे. तरुण माणसाची अशी पाठराखण करायला गुरूच लागतो.

गोदातीर

धागा वाचनीय आहे, पण पायाच डळमळीत आहे असे नम्रपणे म्हणतो. ही पत्रे पौलाची आहेत हे तुम्ही गृहीत धरले आहे. १८०७ साली जर्मन अभ्यासक श्लायरमाखर यांनी पहिल्या तीमथ्यावर शंका घेतली. १८३५ मध्ये बाउर यांनी तिन्ही पत्रे दुसऱ्या शतकात नेऊन ठेवली. १९२१ मध्ये हॅरिसन यांनी शब्दांची मोजदाद केली. या तीन पत्रांतले एक तृतीयांशाहून अधिक शब्द पौलाच्या बाकीच्या दहा पत्रांत कुठेच येत नाहीत. मंडळीने पाखंडी ठरवलेल्या मार्सियन या शिक्षकाच्या दुसऱ्या शतकातल्या संग्रहात ही तीन पत्रे नव्हती. इ.स. २००च्या सुमाराच्या, पौलाच्या पत्रांच्या सर्वांत जुन्या पपायरस-ग्रंथातही ती मिळत नाहीत.

शिवाय 'अध्यक्ष', 'वडील', 'सेवक', विधवांची यादी, ही घडी पौलाच्या हयातीतल्या मंडळ्यांपेक्षा पुढची वाटते. आजचे बहुसंख्य चिकित्सक अभ्यासक ही पत्रे पौलानंतरच्या पिढीने त्याच्या नावाने लिहिली असे मानतात. तसे असेल तर मिलेतला रडणारे वडील, तिशीतला तीमथ्य, मोठ्याने वाचलेले पत्र, हा तुम्ही रंगवलेला सगळा प्रसंगच उरत नाही.

नगरकर_वाचक

गोदातीर, त्या पपायरस-ग्रंथाची शेवटची पाने गहाळ आहेत, एवढी नोंद असू द्या. त्या गहाळ पानांत तिन्ही पत्रे मावली नसती असा हिशेब मांडतात, त्यावर वाद आहे. मार्सियनने जुना करार आणि लूक सोडून बाकीची शुभवर्तमानेही नाकारली होती. त्यामुळे त्याच्याकडे एखादी गोष्ट नव्हती यावरून ती अस्तित्वातच नव्हती असे ठरत नाही. तीताच्या पत्राचा एक जुना तुकडा मँचेस्टरला आहे, तोही इ.स. २००च्या आसपासचा. आणि इरेनियस इ.स. १८०च्या सुमारास ही पत्रे पौलाची म्हणून सर्रास वापरतो.

शब्दांबद्दल तुमचे म्हणणे मात्र वजनदार आहे. भाषा खरोखर वेगळी वाटते.

शिंपला

गोदातीर, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. दुसरे पत्र पौलाचे असावे आणि पहिले कदाचित नसावे, असा माझा कल आहे. पण समजा, तिन्ही नंतरची आहेत. तरी माझे म्हणणे टिकते, उलट घट्टच होते. कारण मग पत्र मुळातच तीमथ्यासाठी नाही. तीमथ्य केव्हाच गेलेला. ते पूर्णपणे ऐकणाऱ्यांसाठी आहे. त्या पिढीत कुठल्यातरी मंडळीत तरुण पुढारी आणि मुरलेले ज्येष्ठ यांच्यात तणाव होता, आणि कुणीतरी पौलाच्या तोंडून त्यावर निवाडा दिला.

असा तणाव खरोखर होता याचा पुरावाही आहे, आणि तो इफिसच्या अगदी शेजारचा आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मरायला नेत होते. वाटेत त्याने सात पत्रे लिहिली. त्यातले एक मॅग्नेशियाच्या मंडळीला. तिथला बिशप दामास हा वयाने तरुण. बासस आणि अपोलोनियस हे दोन वडील आणि झोटियन हा सेवक यांच्यासोबत तो स्मुर्ण्याला इग्नेशियसला भेटायला आला होता. पत्रात इग्नेशियस मंडळीला सरळ सांगतो: तुमच्या बिशपच्या वयाचा गैरफायदा घेऊ नका, त्याला पूर्ण मान द्या, तुमचे वडीलही त्याच्या तरुणपणाकडे न बघता त्याचे ऐकतात. जे पहिल्या तीमथ्यात आडून सांगितले आहे तेच इथे तोंडावर.

आणि पौलाचे निर्विवाद पत्र हवे असेल तर पहिले करिंथकर १६:१०-११ बघा. तीमथ्य आला तर त्याला तुमच्यात निर्भयपणे राहता येईल असे करा, कोणीही त्याला तुच्छ लेखू नये. हे लिहिले आहे करिंथकरांना, तीमथ्याला नव्हे. तीमथ्याची ही अडचण तरुणपणापासूनची आहे आणि पौलाने तिचा इलाज कुणाकडे मागितला तेही इथे दिसते.

समवेदी_सून

शिंपला, तुम्ही इग्नेशियसचे नाव काढलेत म्हणून लिहिते. वसईला आमच्या पॅरिशमध्ये आम्ही काहीजणी ही जुनी पत्रे एकत्र वाचतो. २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाच्या दिवशीच, रोमन कॅथलिक पंचांगात तिमथी आणि तीत यांचा सण असतो. पौलाच्या परिवर्तनाचा सण २५ला, त्याच्या पाठोपाठ या दोघांचा. त्यानिमित्ताने सुरुवात झाली.

इग्नेशियसने त्रोवसहून पॉलिकार्पला लिहिलेले पत्र तुमच्या धाग्याच्या अगदी मध्यावर बसते. पॉलिकार्प स्मुर्ण्याचा बिशप. पुढे इ.स. १५५च्या सुमारास तो हुतात्मा झाला, तेव्हा त्याने सांगितले की मी ८६ वर्षे ख्रिस्ताची सेवा केली आहे. म्हणजे हे पत्र मिळाले तेव्हा तोही चाळिशीच्या आसपासचा असेल. मरणाच्या वाटेवरचा म्हातारा बिशप धाकट्याला लिहितो आहे. मला त्यातल्या काही गोष्टी पाठच झाल्या आहेत.

चांगल्या शिष्यांवर प्रेम केलेस तर त्यात तुझे कौतुक ते काय, जे उपद्रवी आहेत त्यांना सौम्यपणाने वळव. प्रत्येक जखमेला एकच लेप चालत नाही. ऐरणीवर घाव पडतात तरी ती हलत नाही, तसा उभा राहा. विधवांची हेळसांड होऊ देऊ नकोस, प्रभूनंतर त्यांचा वाली तूच. सभा अधिक वेळा भरव आणि सर्वांना नावानिशी शोध. हे शेवटचे मला फार आवडते. दोनशे कुटुंबांच्या पॅरिशमध्ये नावाने हाक मारणारा फादर असला की लोक किती वेगळे वागतात हे आम्ही पाहिले आहे.

आणि तुमचा मुद्दा: हे पत्र पाच अध्याय 'तू' म्हणत चालते आणि सहाव्या अध्यायात एकदम 'तुम्ही'वर येते. बिशपकडे लक्ष द्या, म्हणजे देव तुमच्याकडे लक्ष देईल. एकत्र कष्ट करा, एकत्र झुंजा, एकत्र धावा, एकत्र सोसा, एकत्र झोपा, एकत्र उठा. पत्र पॉलिकार्पच्या नावाने, पण मंडळी समोर बसली आहे हे लिहिणाऱ्याने गृहीतच धरले आहे. तीमथ्याच्या पत्राच्या शेवटी एका शब्दात जे आहे ते इथे सबंध अध्यायभर आहे.

शिंपला

समवेदी_सून ताई, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. फार मोलाचा आधार दिलात.

अक्षरवेडी

सगळे छान चालले आहे, पण त्या खोलीत वडील पुरुष सोडून आणखी कोणी बसले होते याचा विसर पडतो आहे. बाया बसल्या होत्या. त्यांनी काय ऐकले? स्त्रीने निमूटपणे शिकावे, तिला शिकवायची किंवा पुरुषावर अधिकार गाजवायची परवानगी मी देत नाही. दुसरा अध्याय. हे वाक्य दोन हजार वर्षे बायकांच्या तोंडावर मारले गेले आहे. तरुणाला तुच्छ मानू नका म्हणणारे पत्र अर्ध्या मंडळीला गप्प बसवते, यावर धाग्यात चकार शब्द नाही.

पाचव्या अध्यायातली विधवांची यादी बघा. साठ वर्षांखालची विधवा यादीत घेऊ नये. एकाच नवऱ्याची झालेली असावी, मुले वाढवलेली असावीत, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत. तरुण विधवांनी पुन्हा लग्न करावे, कारण त्या घरोघर फिरून चहाड्या करतात. यावर तुमचे 'कान देणाऱ्यांसाठी लिहिलेले पत्र' काय म्हणते?

शिंपला

अक्षरवेडी, तुमचा राग योग्य आहे. माझ्या वाचनाने तो कमी होणार नाही, वाढेलच. कारण पत्र मोठ्याने वाचले जात असेल तर त्या बायांना हे सगळ्यांदेखत ऐकावे लागले. दुसऱ्या अध्यायातल्या त्या वाक्याचे समर्थन मी करणार नाही. खोट्या शिक्षकांनी काही घरांत शिरकाव केला होता, म्हणून ती त्या गावापुरती तात्पुरती बंदी होती असे काहीजण म्हणतात. ते शक्य आहे. पण पत्रात कारण म्हणून आदाम-हव्वेची गोष्ट दिली आहे, गावाची नाही. हे मान्यच करावे लागते.

एवढेच सांगतो की या पत्रांतच त्याच्या उलट जाणाऱ्या गोष्टी आहेत. तीमथ्याचा विश्वास आला आजीकडून आणि आईकडून. आणि दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल प्रिस्काला सलाम सांगतो, नवऱ्याच्या आधी तिचे नाव घेऊन. याच प्रिस्किल्लेने आणि अक्विल्लाने इफिसातच अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला बाजूला नेऊन अधिक नीट शिकवले होते.

अक्षरवेडी

मान्य केलेत, बरे वाटले. मी पंडिता रमाबाईंकडे बघते. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या तेव्हा जेमतेम चोविशीच्या होत्या. म्हणजे या पत्राच्या हिशेबाने यादीबाहेर. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन. तिथे आसरा मिळाला तो नेमक्या कोवळ्या वयाच्या विधवांना. त्यांनी पुन्हा लग्न करावे असे पत्र म्हणते, पण इथे तर १८५६च्या कायद्यानंतरही समाज तसे लग्न होऊ देत नव्हता. मग त्या मुलींनी जायचे कुठे? आणि ज्या ग्रंथात बाईने शिकवू नये असे लिहिले आहे तो ग्रंथ रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत उतरवला. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर तो छापून पूर्ण झाला, तोही मुक्तीच्या छापखान्यात बायांच्या हातांनी. त्या पुस्तकात पहिल्या तीमथ्याचा दुसरा अध्यायही आहेच. रमाबाईंनी तो गाळला नाही आणि स्वतः गप्पही बसल्या नाहीत.

समवेदी_सून

अक्षरवेडी, हे वाचून अंगावर काटा आला. विधवांबद्दल एक पुस्ती जोडते. ती यादी म्हणजे मंडळीने पोसायच्या बायांची यादी होती, आणि पुढे त्यातूनच विधवांचा एक मानाचा वर्ग तयार झाला. घरचे असतील तर घरच्यांनी सांभाळावे, जो स्वतःच्या माणसांची तरतूद करत नाही तो अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट, हे वाक्यही त्याच अध्यायात आहे. ते मुलांना आणि नातवांना ऐकवण्यासाठी आहे. ते आजही ऐकवायला हवे.

मळ्यातला

दासांचे काय? सहाव्या अध्यायात, दासांनी धन्याला मान द्यावा. पहिल्या अध्यायात मात्र माणसे पळवून विकणाऱ्यांना खुनी लोकांच्या पंगतीत बसवले आहे. दोन्ही एकाच पत्रात.

समवेदी_सून

इग्नेशियसने पॉलिकार्पला लिहिलेल्या पत्रातही तेच. दास-दासींशी उर्मटपणे वागू नकोस असे सांगतो, आणि त्यांनी मंडळीच्या पैशातून आपली सुटका व्हावी अशी इच्छा धरू नये असेही. म्हणजे मंडळीच्या पैशातून कुणाकुणाची सुटका होत असणार. नाहीतर हे लिहायची वेळ आली नसती.

गोदातीर

शिंपला, एक आक्षेप अजून उरला आहे. तीताच्या पत्रात, क्रेतकर सदा खोटारडे, दुष्ट पशू, आळशी खादाड, असे त्यांच्याच एका संदेष्ट्याचे म्हणून वाक्य दिले आहे, आणि वर ही साक्ष खरी आहे अशी मोहोर. हे पत्र क्रेतातल्या मंडळीत मोठ्याने वाचले असेल असे तुम्हाला खरेच वाटते?

शिंपला

गोदातीर, इथे माझे म्हणणे कच्चे पडते. ते वाक्य परंपरेने क्रेतचाच जुना कवी एपिमेनिदिस याचे मानतात, आणि रोख घरेच्या घरे बिघडवणाऱ्या शिक्षकांवर आहे. पण ऐकणाऱ्या क्रेतकराला तेवढ्याने बरे वाटले नसते. पत्राच्या शेवटी 'तुम्हां सर्वांबरोबर' आहे हे खरे, तरी या एका जागेपुरता माझा आग्रह सैल करतो. पहिल्या तीमथ्याबद्दल मात्र मी ठाम आहे.

दुसरे तीमथ्य आणखी वेगळे आहे. तिथे 'तुम्ही' फक्त शेवटच्या शब्दाला आहे. बाकी पत्र एका माणसाचे दुसऱ्याला. बेड्यांत पडलेला पौल लिहितो, देमास मला सोडून गेला. फक्त लूक जवळ आहे. मार्काला घेऊन ये, तो उपयोगाचा आहे. त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. आणि येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. हिवाळ्याआधी येण्याचा प्रयत्न कर. झगा म्हणजे अंगावरून घ्यायचा जाड पांघरुणासारखा अंगरखा. कोठडीत थंडी वाजत असणार. हे सगळे मागतो कुणाकडे, तर ज्याला थोड्या ओळी आधी ख्रिस्ताच्या समोर शपथ घालून, वचनाची घोषणा कर, वेळी-अवेळी तयार राहा, म्हणून सांगितले त्याच्याचकडे. ज्यांना ही पत्रे बनावट वाटतात त्यांना मी नेहमी म्हणतो की हा झगा कुणाला कशाला सुचेल?

गोदातीर

खोटेपणा लपवायला असे तपशील घालायची पद्धत तेव्हाही होती. पण दुसऱ्या पत्राबद्दल अनेक अभ्यासक हात आखडता घेतात, हेही खरे. त्यात पौलाच्या चिठ्ठ्यांचे तुकडे असावेत असे हॅरिसनही म्हणत. आणि जर्मन अभ्यासक कान्पेनहाउझेन यांनी १९५१ मध्ये ही पत्रे पॉलिकार्पच्या हातची किंवा त्याच्या वर्तुळातली असावीत असे सुचवले होते. समवेदी_सून यांनी पॉलिकार्प आणलाच आहे म्हणून सांगितले. त्याच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, द्रव्यलोभ सर्व संकटांची सुरुवात, जगात आपण काही आणले नाही, अशी पहिल्या तीमथ्याशी जुळणारी वाक्ये आहेत.

पाटी_पेन्सिल

आणि त्याच पत्रात वालेन्स नावाच्या वडिलाची हकीकत आहे ना? पैशाच्या मोहात पडला. पॉलिकार्प लिहितो, त्याच्याबद्दल आणि त्याच्या बायकोबद्दल मला फार दुःख होते, पण त्यांना शत्रू समजू नका, दुखावलेला अवयव समजून परत आणा. तीमथ्याला जे सांगितले, वडिलावरचा आरोप कसा घ्यावा, निषेध कसा करावा, ते प्रत्यक्षात कसे होते याचे हे उदाहरण.

पायवाट

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितो आहे. मी स्वतः पाळक आहे. पहिली नेमणूक एका जुन्या मंडळीत झाली तेव्हा वय कमी होते. कमिटीतले एक गृहस्थ माझ्या वडिलांपेक्षा मोठे. मंडळीच्या जमिनीच्या भाड्याचा हिशेब कित्येक वर्षे मांडला नव्हता. मी विचारल्यावर मला सांगण्यात आले, साहेब, तुम्ही उपदेश करा, हे आम्ही बघतो. मी पुढच्या रविवारी वेदीवरून द्रव्यलोभावर उपदेश केला. मंडळी दोन महिने दुभंगलेली राहिली.

आज तुमचा धागा वाचताना ५:१ आणि ५:१९-२० हे दोन्ही शेजारी ठेवून बघितले. आधी बापासारखे समजाव. मग साक्षीदार. मग सर्वांसमोर. हा क्रम आहे. शिवाय २१व्या वचनात, कुणाचा पक्षपात न करता हे पाळ. आणि २२व्यात, कुणावर हात ठेवून त्याला पद देण्याची घाई करू नकोस. त्या गृहस्थांना पद देताना अशीच घाई झाली होती, ते नातेसंबंधांमुळे आले होते. तेव्हा माझ्या बाजूने चारचौघांत हे पत्र वाचणारे कुणी असते तर बरे झाले असते. आमचे वरिष्ठ नुसते फोनवर 'सांभाळून घ्या' म्हणाले.

नगरकर_वाचक

पायवाट, मनापासून लिहिलेत. शिंपला यांचे म्हणणे इथेच पटते. तरुणाला एकट्याला पत्र पाठवून भागत नाही.

शिंपला

पाळकसाहेब, धन्यवाद. तुम्ही सांगितलेला क्रम मी माझ्या टिपणात उतरवून घेतला.

वाचायला कुठून सुरुवात करावी असे दोघांनी निरोपातून विचारले आहे. आधी पहिल्या करिंथकरांचा सोळावा अध्याय, तीमथ्याबद्दलच्या दोन ओळी. मग पहिले तीमथ्य एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने, दुसऱ्या कुणाला ऐकवत. सहाच अध्याय आहेत, अर्धा तास पुरतो. मग इग्नेशियसचे मॅग्नेशियाला आणि पॉलिकार्पला लिहिलेले पत्र. दुसरे तीमथ्य शेवटी, एकट्याने.

अक्षरवेडी

मोठ्याने वाचायला घ्याल तेव्हा खोलीत बायकाही असू द्या, आणि दुसरा अध्याय त्यांच्यापैकी कुणालातरी वाचू द्या.

शिंपला

नक्की. पुढच्या महिन्यात आमच्या गटात असेच करतो आहोत. काय चर्चा झाली ते इथे लिहीन.